तार आणि तक्रार

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्याकडे इतक्या पिढ्या चालत आली आहे कीं, तींत शहाणपण किती आणि हताशपणा किती, याचा हिशेब करण्याची कोणास गरज वाटत नाहीं. गेल्या वर्षीं ही म्हण आम्हांस एका अगदीं घरगुती प्रसंगीं ऐकावी लागली. तो प्रसंग इतका क्षुल्लक होता कीं, एरवीं तो या मासिकाच्या वाचकांपुढें मांडण्याचें धाडस आम्हीं केलें नसतें. परंतु त्याच्या निमित्तानें जुने कायदे आणि जुने निकाल चाळतां चाळतां एक मोठी कहाणी आमच्या हातीं लागली, आणि मुख्यतः तीच येथें सांगावयाची आहे.

आमच्या घरीं इंटरनेटची जी ब्रॉडबँड जोडणी आहे, ती पावसाळ्याच्या आरंभापासून रोज सायंकाळीं मंदावूं लागली. सकाळीं सर्व ठीक असे. परंतु दिवेलागण झाली कीं तिला ग्लानि येई, आणि रात्रीं नऊच्या सुमारास ती जवळजवळ मूर्च्छित पडे. कांहीं दिवस तर ती अहोरात्र बंदच असे. आम्हीं कंपनीस फोन केला. पलीकडील मंजुळ आवाजानें क्षमा मागितली, तक्रारीस एक लांबलचक क्रमांक दिला, आणि दुसऱ्या दिवशीं 'आपल्या तक्रारीचें निराकरण झालें आहे' असा संदेश आला. निराकरण झालें होतें तें तक्रारीचें. दोष होता तेथेंच होता. असें सात वेळां झालें. आमचे एक निवृत्त वकील मित्र शेजारीं राहतात, ते हंसून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, आपण इतिहास शिकवितां ना? मग शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, एवढा इतिहास तरी लक्षांत ठेवा. महिन्याच्या कांहींशें रुपयांसाठीं रक्त कां आटवितां?"

आम्हीं तो सल्ला मानलाही असता. पण आमच्या वरच्या मजल्यावर एक शिक्षिकाबाई राहतात. यजमान गेल्यापासून त्या रोज सायंकाळीं सात ते नऊ या वेळांत परगांवच्या मुलांस याच तारेवरून गणित शिकवितात, आणि त्यावरच त्यांचा संसार चालतो. त्या पावसाळ्यांत दोन मुलांच्या पालकांनीं त्यांची शिकवणी बंद केली. शिकवणें वाईट म्हणून नव्हे, तर बाईंचा चेहरा पडद्यावर गोठून राही आणि आवाज मध्येंच तुटे म्हणून. बाईंनींही तक्रार केली होती. त्यांस उत्तर मिळालें कीं, "आपल्या इमारतींतून दुसऱ्या कोणाची तक्रार नाहीं." हें उत्तर ज्या दिवशीं त्यांनीं आम्हांस सांगितलें, त्या दिवशीं आमच्याजवळ सात क्रमांक होते! आमच्या गल्लींत दुसऱ्या कंपनीची तार आलेली नव्हती. तेव्हां ही सोडून दुसरी धरावी, तर तीही सोय नव्हती.

इतिहासाच्या माणसास राग आला म्हणजे तो जुने कागद काढून बसतो. आम्हीही तेंच केलें. तारेवाल्यानें आपलें काम नीट केलें नाहीं, तर ज्यानें पैसे मोजले त्यानें कोणाकडे जावें, हा प्रश्न आजचा नाहीं, असें आम्हांस दिसून आलें. तारायंत्राइतकाच तो जुना आहे.

आपल्या देशांत तारायंत्राचा पहिला मोठा प्रयोग ओ'शॉनेसी यांच्या देखरेखीखालीं कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान झाला, आणि १८५५ सालीं तार सर्वसामान्य लोकांस खुली झाली. तारेचे खांब किती कोसांवर उभे राहिले, पहिला निरोप केव्हां गेला, हें सर्व नोंदलेलें आहे. परंतु जो निरोप पोंचला नाहीं किंवा चुकीचा पोंचला, त्याची जबाबदारी कोणावर, याचें उत्तर पाहावयाचें तर १८८५ चा तारायंत्राचा कायदा उघडावा लागतो. त्याच्या नवव्या कलमानें तें उत्तर स्पष्ट शब्दांत दिलें आहे: निरोप घेणें, पाठविणें अथवा पोंचविणें या कामीं अधिकाऱ्याकडून कसूर झाली, तरी त्यामुळें होणाऱ्या नुकसानीस सरकार जबाबदार नाहीं. अधिकारीही जबाबदार नाहीं. मात्र त्यानें हयगयीनें, दुष्ट बुद्धीनें किंवा लबाडीनें तें केलें असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणजे पैसे घेणारें सरकार मोकळें, आणि धरावयाचाच तर खिडकीमागचा कारकून धरावा!

हें केवळ परक्या राजवटीचें उद्दामपण होतें, असें म्हणून आम्हांस मोकळें होतां येत नाहीं. जेथें तारा खाजगी कंपन्यांच्या होत्या, त्या अमेरिकेंतही न्याय फारसा निराळा नव्हता. फिलाडेल्फिया येथील प्रिमरोज नांवाच्या लोंकरीच्या व्यापाऱ्याची गोष्ट तेथील कायद्याच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. १८८७ सालच्या जून महिन्यांत त्यानें कॅन्सस प्रांतांतील आपल्या हस्तकास सांकेतिक भाषेंत एक तार केली. तींत 'बे' असा एक शब्द होता, आणि त्यांच्या संकेतांत त्याचा अर्थ 'मीं खरेदी केली आहे' असा होता. वाटेंत त्या शब्दांतील 'ए' या अक्षराचा 'यू' झाला, आणि हस्तकाच्या हातीं शब्द पडला तो 'बाय', म्हणजे 'खरेदी कर'. मोर्सच्या लिपींत या दोन अक्षरांत फरक तो केवढा? एका टिंबाचा! त्या एका टिंबानें हस्तकानें लोंकरीची मोठी खरेदी केली, आणि व्यापाऱ्यास वीस हजार डॉलरांहून अधिक खोट आली. त्यानें वेस्टर्न युनियन या तारेच्या कंपनीवर दावा लावला. कंपनीनें तारेचा कागद उलटून दाखविला. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलें होतें कीं, निम्मा दर अधिक भरून जी तार परत वदवून घेतलेली नाहीं, तिच्या चुकीबद्दल कंपनी तारेच्या किंमतीपलीकडे कांहींही देणें लागत नाहीं. १८९४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ती अट ग्राह्य धरली. तारेची किंमत होती एक डॉलर पंधरा सेंट. तेवढीच त्याच्या वांट्यास आली.

न्यायबुद्धीनें पाहूं जातां कंपनीच्या म्हणण्यांतही कांहीं तथ्य होतें, हें कबूल केलें पाहिजे. सांकेतिक तारेच्या पोटांत केवढ्या रकमेचा व्यवहार दडलेला आहे, हें तार वाजविणाऱ्यास कळणार कसें? सव्वा डॉलराच्या आंत मिळालेल्या पैशांत वीस हजारांचा विमा कोण उतरवील? एकदांच जाणाऱ्या निरोपाच्या बाबतींत हा युक्तिवाद टिकतो. घोटाळा झाला तो पुढें. एका निरोपासाठीं जन्मलेला हा नियम, दर महिन्यास भाडें घेऊन अखंड चालणाऱ्या सेवेच्या अंगावरही तसाच चढविला गेला. एकदां तार करणारा मनुष्य आणि वर्षानुवर्षें भाडें भरणारा ग्राहक यांत जो भेद आहे, तो कायद्याच्या ध्यानांत यावयास शंभर वर्षें लागलीं.

कारण मध्यंतरीं टेलिफोन आला होता. १८८२ च्या जानेवारींत कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें टेलिफोनचीं केंद्रें निघालीं, तीं खाजगी कंपन्यांचीं. पुढें १९४३ सालीं मुंबईची टेलिफोन कंपनी सरकारनें आपल्या ताब्यांत घेतली. स्वातंत्र्यानंतर तर तार आणि टेलिफोन हें सर्व एका खात्याचें साम्राज्य झालें. टेलिफोनसाठीं नांव नोंदवून वर्षांमागून वर्षें वाट पाहिलेल्या पिढीस तो काळ निराळा सांगावयास नको. ज्या वस्तूसाठीं इतकें ताटकळावें लागलें, ती मिळाल्यावर तिच्या दोषांविषयीं बोलण्याचा धीर कोणास होणार? ग्राहकाच्या पत्राचा आरंभ 'कृपावंत होऊन' असा, आणि शेवट 'आपला आज्ञाधारक' असा होई. तो अर्जदार होता, पक्षकार नव्हता.

१९५७ सालीं जुन्या कायद्यांत एक नवें कलम घालण्यांत आलें. टेलिफोनची तार, उपकरण किंवा यंत्र यांसंबंधीं खातें व ग्राहक यांच्यांत वाद उत्पन्न झाला, तर तो लवादाकडे जावा, लवाद मध्यवर्ती सरकारनें नेमावा, आणि त्याच्या निवाड्यावर कोणत्याही न्यायालयांत प्रश्न काढतां येऊं नये, असें तें कलम होतें. वरवर पाहतां ही ग्राहकाची सोय दिसते. नवव्या कलमानें जेथें भिंत घातली होती, तेथें निदान एक खिडकी पडली. परंतु ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणें, त्यानेंच पंच नेमावा, आणि पंचाचा शब्द अखेरचा, ही पंचायत गांवकीच्या न्यायांतही कोणी सुखानें मान्य केली नसती.

या स्थितींत पालट घडविण्याचें श्रेय ज्या चळवळीस आहे, तिचें एक मूळ आमच्याच पुण्यांत आहे, हें सांगतांना आम्हांस आनंद होतो. १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं येथें ग्राहक पंचायतीची उभारणी केली. पुढच्याच वर्षीं मुंबई ग्राहक पंचायत निघाली. घराघरांनीं एकत्र येऊन महिन्याचें वाणसामान एकदम खरेदी करावें, अशा साध्या कार्यांतून लोकांस एक मोठी गोष्ट कळूं लागली: विकत घेणारा हा याचक नव्हे, व्यवहाराचा तो अर्धा भाग आहे. ही जाणीव देशभर वाढत गेली, आणि १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. 'सेवा' हा शब्द त्या कायद्यांत विस्तृत अर्थानें आला. त्याच्या तिसऱ्या कलमाचें म्हणणें असें कीं, या कायद्यानें दिलेला उपाय इतर उपायांच्या जोडीला आहे, त्यांस छेद देणारा नाहीं. हें कलम दिसावयास लहान आहे. परंतु आमच्या कहाणींतील खरा नायक तेंच आहे.

टेलिफोनचे ग्राहक आतां जिल्ह्याजिल्ह्यांच्या ग्राहक मंचांकडे जाऊं लागले आणि कित्येकांस दादही मिळाली. केरळांतील एका ग्राहकाचा टेलिफोन बिल भरलें नाहीं म्हणून तोडण्यांत आला होता. तो पुन्हां जोडून द्यावा आणि पांच हजार रुपये भरपाई द्यावी, असा हुकूम कोझिकोडे येथील मंचानें केला. खातें झगडत झगडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १ सप्टेंबर २००९ रोजीं तें जिंकलें! तारायंत्राच्या कायद्यांत लवादाचा खास मार्ग सांगितलेला असतां सामान्य कायद्याच्या मंचाकडे जातां येत नाहीं, असा निकाल झाला. १८८५ चा कायदा आणि १९५७ चें कलम यांची सावली अशा रीतीनें एकविसाव्या शतकांतील ग्राहकावर येऊन पडली.

यांत आणखी एक विचित्र पेंच निर्माण झाला. तोंवर काळ बदलला होता, आणि पुष्कळशी सेवा खाजगी कंपन्यांच्या हातीं गेली होती. २०१४ च्या जानेवारींत दूरसंचार खात्यानेंच लेखी कळविलें कीं, खाजगी कंपन्या म्हणजे कांहीं कायद्यांतील तार-अधिकारी नव्हेत. तेव्हां तें लवादाचें कलम त्यांस लागूं नाहीं. तरीही या कंपन्या ग्राहक मंचापुढें २००९ चा निकाल पुढें करीतच राहिल्या. म्हणजे लवादाकडे जावें तर तो म्हणणार, 'हें माझें काम नव्हे'. आणि मंचाकडे जावें तर कंपनी म्हणणार, 'लवादाकडे जा.' १९९७ सालीं दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झालें होतें खरें. परंतु तें नियम करतें, एकेका ग्राहकाचा तंटा तोडीत नाहीं. २००० सालीं निघालेलें अपील न्यायाधिकरण कंपन्याकंपन्यांचे वाद ऐकतें, ग्राहकांच्या समूहाचाही वाद ऐकतें. एकट्या ग्राहकासाठीं मात्र तेथेंही आसन नाहीं.

हा पेंच सोडविला तो अहमदाबादच्या एका ग्राहकानें. त्याचें मोबाइलचें बिल सरासरीनें महिन्यास ५५५ रुपये येत असे. २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरचें बिल आलें तें २४,६०९ रुपये ५१ पैशांचें! मे २०१४ मध्यें त्यानें तेथील ग्राहक मंचाकडे धांव घेतली आणि २२,००० रुपये मागितले. कंपनीनें बिलाचा हिशेब नंतर, आधीं अधिकाराचा प्रश्न काढला: या मंचास हा वाद ऐकण्याचा अधिकारच नाहीं. जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा पायऱ्या चढत तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयांत पोंचला, आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजीं निकाल लागला कीं, ग्राहक मंचाचें दार उघडें आहे. लवादाचा मार्ग आहे, तो असो. परंतु कोणत्या मार्गानें जावें, हें ग्राहकानें ठरवावयाचें. १९८६ च्या कायद्यांतील त्या लहानशा तिसऱ्या कलमाचा, आणि २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यानें तोच आशय ज्यांत राखला त्या कलमाचा, हा विजय होता.

बावीस हजारांच्या मागणीसाठीं जवळजवळ आठ वर्षें, आणि तींही कोणत्या दारांतून शिरावें एवढेंच ठरविण्यांत! आमचे वकील मित्र हा प्रसंग ऐकून म्हणाले, "बघा, म्हणच खरी ठरली कीं नाहीं?" त्या गृहस्थापुरती ती खरी ठरली, हें नाकारतां येत नाहीं. परंतु त्यानें ती पायरी चढली म्हणूनच तिच्यावरची आडकाठी इतरांसाठीं दूर झाली. जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठीं २०२३ सालीं दूरसंचाराचा जो नवा कायदा झाला, त्यांत ग्राहकाचा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा हक्क राखला आहे, हें स्पष्टच लिहिलें आहे. सर्वच शहाणे घरीं बसले असते, तर हें वाक्य कायद्यांत आलें असतें काय?

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. दाद कोठें मागावी हें कळलें; पण दाद मागावयाची ती कशाबद्दल? टेलिफोन चालतो कीं नाहीं, हें कानास कळतें. इंटरनेट 'मंद' आहे म्हणजे किती मंद? सर्वसामान्य लोकांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्या वेळीं तें टेलिफोनच्या तारेवरूनच खुरडत येई. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानें प्रथम व्याख्या केली कीं, दर सेकंदास किमान २५६ किलोबिट वेग असेल, तरच त्यास ब्रॉडबँड म्हणावें. ही किमान मर्यादा २०१३ मध्यें ५१२ किलोबिट झाली, आणि २०२३ मध्यें दोन मेगाबिट झाली. सरकार असें 'किमान'ची भाषा बोलत असतां जाहिरात बोलते ती 'पर्यंत'ची: 'शंभर मेगाबिटपर्यंत वेग!' 'पर्यंत' हें आमच्या व्याकरणांत एक निरुपद्रवी शब्दयोगी अव्यय आहे; परंतु कंपनीच्या करारांत तो एक मजबूत किल्ला आहे. उद्यां गवळी 'शेरापर्यंत दूध घालीन' असें म्हणूं लागला आणि पावशेर घालून शेराचे पैसे मागूं लागला, तर कोणती गृहिणी तें ऐकून घेईल?

सरकारचें 'किमान' ही जमीन आणि कंपनीचें 'पर्यंत' हें छत. ग्राहकाचा सगळा वाद या दोहोंमधल्या पोकळींत लोंबकळत असतो. ती पोकळी भरून काढण्याचा प्रयत्न नियामक प्राधिकरणाच्या २००६ च्या नियमांनीं केला. ज्या वेगाचे पैसे घेतले, त्याच्या ऐंशीं टक्क्यांहून अधिक वेग कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकाच्या जोडणीपर्यंत मिळाला पाहिजे, आणि बिघाड तीन दिवसांहून अधिक राहिला तर भाड्यांत सूट दिली पाहिजे, असें त्यांत होतें. २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्या नियमांची जागा नव्या नियमांनीं घेतली आहे. तक्रार कशी चालवावी, हें २०१२ च्या नियमांनीं सांगितलें: प्रत्येक तक्रारीस क्रमांक, त्यानें समाधान न झाल्यास तीस दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील, आणि त्याचा निर्णय एकूणचाळीस दिवसांत. त्यानेंही न भागल्यास ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्यानें आपण राहतों त्याच जिल्ह्यांत फिर्याद करतां येते, आणि सेवेचा मोबदला पांच लाखांपर्यंत असल्यास फीही पडत नाहीं.

हें सर्व वाचल्यावर आम्हांस प्रथम स्वतःचीच थोडी लाज वाटली. सात तक्रारी आम्हीं केल्या होत्या. पण त्यांत रागाखेरीज पुरावा कोणता होता? वर्गांत आम्ही मुलांस सांगतों कीं, बखरकाराचें म्हणणें समकालीन कागदाशीं ताडून पाहा. आणि स्वतःच्या तक्रारींत मात्र आम्हीच बखरकार झालों होतों! आमच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाचे एक तरुण सहकारी एका रविवारीं घरीं आले. आम्ही वेग मोजीत होतों तो आमच्या अभ्यासाच्या खोलींत. आणि राउटर होता दोन जाड भिंतींपलीकडे, दिवाणखान्यांत. त्यांनीं संगणक केबलनें थेट राउटरास जोडला आणि मोजमाप केलें. वेग लगेच वाढला! म्हणजे आमच्या गाऱ्हाण्याचा कांहीं भाग आमच्याच भिंतींचा होता, कंपनीचा नव्हे. दुसरीही एक चूक त्यांनीं दाखविली. कंपनी मोजते तें बिटांत, आणि आमच्या संगणकावर आंकडा दिसे तो बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हां शंभर मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइटच. हें ठाऊक नसल्यानें चांगल्या चाललेल्या सकाळींही आम्ही कंपनीस नांवें ठेवीत होतों.

स्वतःविरुद्धचा पुरावा वेगळा काढल्यावर जें उरतें, तेवढेंच खरें. पुढें एकवीस दिवस आम्हीं केबल जोडून दिवसांतून चार वेळां वेग मोजला आणि वहींत तारीख-वेळेसह लिहून ठेवला. सकाळीं तो नव्वदीच्या आसपास असे. रात्रीं नऊ वाजतां तो बारा ते अठरांच्या दरम्यान उतरे. चार दिवस जोडणी पूर्ण बंद होती. एकाच वाटेवर अनेक बिऱ्हाडें जोडलेलीं असतात, आणि सायंकाळीं सर्वच एकदम नळ उघडतात, असा याचा उघड अर्थ होता. बाईंनींही आपल्या खोलींत असेंच टिपण ठेविलें. तिसऱ्या मजल्यावरच्या आणि तळमजल्यावरच्या मंडळींस विचारलें, तर तेथेंही तोच प्रकार. फक्त प्रत्येकास वाटत होतें कीं, आपलेंच कांहीं तरी बिघडलें असेल.

याच सुमारास कंपनीकडून आम्हांस फोन आला. "सर, आपणांस एक महिन्याचें भाडें माफ करतों, समाधान झालें म्हणून तक्रार बंद करावी." खरें सांगावयाचें तर मोह झाला. वय झालें आहे, परीक्षेच्या उत्तरपत्रिका पडल्या आहेत, आणि महिन्याचें भाडें हातचें येत आहे! परंतु 'समाधान झालें' असें आम्हीं म्हटलें कीं, बाईंस पुन्हां तेंच उत्तर मिळणार होतें: 'दुसऱ्या कोणाची तक्रार नाहीं.' एकाचें समाधान विकत घेऊन दहांची तक्रार पुसून टाकणें, ही या व्यापाराची जुनी युक्ति आहे; आणि ती चालते ती आपल्यासारख्या शहाण्यांच्या जीवावर. आम्हीं नम्रपणें नकार दिला.

पांच बिऱ्हाडांनीं स्वतंत्र अपिलें केलीं. प्रत्येक अपील एका पानाचें: तक्रारींचे क्रमांक, मोजणीचा तक्ता, मागणी. विशेषणें एकही नाहीं. तीं आमच्या पहिल्या मसुद्यांत होतीं, पण वकील मित्रांनींच तीं सर्व खोडून टाकलीं. (म्हण ऐकविणारे हेच गृहस्थ, पण कागद हातीं आल्यावर त्यांच्यानें राहवलें नाहीं.) शेवटीं त्यांनीं एक वाक्य घातलें कीं, निर्णय समाधानकारक न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा हक्क आम्ही राखून ठेवितों. पांचव्या आठवड्यांत कंपनीचे दोन तंत्रज्ञ आले. गल्लीच्या कोपऱ्यावरची पेटी उघडली, तेव्हां तिच्यांत एका सांध्यांत पावसाचें पाणी शिरलेलें आढळलें, आणि तिच्यावर मूळ योजनेपेक्षां कितीतरी अधिक घरें जोडलेलीं होतीं. सांधा बदलला, निम्मीं घरें दुसऱ्या पेटीवर नेलीं, आणि बंद दिवसांची सूट पांचही जणांस मिळाली. आमच्या वांट्यास आलेली रक्कम एका भाजीच्या पिशवीइतकी होती. परंतु तिच्याबरोबर आलेल्या पत्रांत 'दोष आढळला' असे दोन शब्द होते, आणि आमच्या दृष्टीनें तेच मोलाचे होते.

आम्हांस आयोगाची पायरी चढावी लागली नाहीं. पण ती चढतां येते, हें कंपनीस ठाऊक होतें, म्हणूनच तंत्रज्ञ आले, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. ज्या अहमदाबादकर गृहस्थानें आठ वर्षें खर्चून तें दार उघडें करून घेतलें, त्यास आमचें नांवही ठाऊक नसणार. तरी आमच्या इमारतींतील दिवे त्याच्या त्या चिकाटीचे ऋणी आहेत. दार उघडें असलें म्हणजे पुष्कळदां दारापर्यंत जावें लागत नाहीं; मात्र तें उघडण्यासाठीं कोणास तरी आधीं जाऊन उभें राहावें लागतें.

या कहाणीचा शेवट सर्वस्वी गोड आहे, असें मात्र आम्ही म्हणूं शकत नाहीं. बाईंच्या सुटलेल्या दोन शिकवण्यांपैकीं एक परत आली. दुसरी आली नाहीं. त्या नुकसानीसाठीं आयोगाकडे जावें, असें आम्हीं सुचविलें. बाईंनीं क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "सर, फिर्यादीच्या मागें जितके दिवस घालवीन, तितक्या दिवसांत दुसरी शिकवणी मिळवीन." फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्याचें एक टिंब आणि आमच्या बाईंचा गोठलेला चेहरा, यांत सव्वाशें वर्षांहून अधिक अंतर आहे, तारेचें भाडें परत मिळतें, तारेनें बुडविलेला धंदा परत मिळत नाहीं, ही गोष्ट मात्र अजून फारशी बदललेली नाहीं. कायद्यास अजून तेवढा पल्ला गांठावयाचा आहे.

तोंवर सामान्य गृहस्थानें काय करावें? आम्हीं एक वही घातली आहे. तिच्यांत तारीख, वेळ, वेग आणि तक्रारीचा क्रमांक एवढेंच लिहितों. गेल्या पंधरवड्यांत तळमजल्यावरचे बिऱ्हाडकरू ती नकलून घेण्यासाठीं मागून नेऊन गेले आहेत.